ओसरीच्या छताचा निळा

आमच्या घराण्यात पाण्यात कोणी उतरत नाही. तसा नियम कोणी घातलेला नाही, लहानपणी आम्हाला कोणी बजावलंही नाही. पण नदी घरापासून हाकेच्या अंतरावर वाहते आणि माझा धाकटा भाऊ थॅड सोडला तर आमच्यातल्या एकाही मोठ्या माणसाला पोहता येत नाही, यावरून काय ते ओळखावं. मासे आम्ही काठावर बसून धरतो. पूल आला की टेंपी आत्या गाडीची काच वर करून घेते, जशी काही नदी आत हात घालणार आहे. बाप्तिस्मासुद्धा आता चर्चमधल्या हौदात होतो, आणि तिथेही माझी चुलतबहीण अर्नेस्टीन एवढी घाबरली होती की पास्टरच्या गळ्याला मिठी मारून त्यांना सोबत खाली घेऊन गेली.

तेव्हा यंदाच्या कुटुंबमेळाव्याची बैठक माझ्या ओसरीवर भरली आणि थॅड म्हणाला, शनिवारचं जेवण या वेळी चर्चच्या आवारात नको, नदीवरच्या पेटिग्रूच्या उतारावर करू, पोरांना मनसोक्त पोहू दे, त्या क्षणी सगळ्यांनी टेंपी आत्याकडे बघितलं.

मी टेंपी आत्याचे केस विंचरत होते. केस करणं हा माझा धंदा. गावातल्या निम्म्या बायकांची डोकी माझ्या गुडघ्यांमध्ये बसून गेलेली आहेत, आणि डोकं हातात असलं की माणसाच्या मनात काय चाललंय ते बोटांना आधी कळतं. आत्याची टाळू माझ्या बोटांखाली आवळली. तोंडाने ती काही बोलली नाही. ऐंशीच्या घरातली ही बाई शेजाऱ्याच्या कोंबडीबद्दलसुद्धा मत दिल्याशिवाय राहत नाही. ती गप्प बसली म्हणजे मला भीती वाटते.

थॅड शार्लटला राहतो. तिथे चाळिशी ओलांडल्यावर तो पोहायला शिकला आणि तेव्हापासून त्याच्यात नव्याने देव भेटलेल्या माणसाचा उत्साह आहे. तो मला म्हणाला, "लव्ही, पोहता न येणं आपल्या रक्तात नाही. आपल्याला कोणी शिकवलं नाही, एवढंच."

त्याचं खोटं नव्हतं. गावात पोहण्याचा तलाव होता. आमच्या आईबापांना, काळ्यांना, त्यात पाय घालायला बंदी होती, आणि कोर्टाने सगळ्यांसाठी दार उघडायला लावलं तेव्हा गावाने तो तलावच मातीने भरून टाकला. आता तिथे ग्रंथालयाच्या गाड्या उभ्या राहतात. मी पुस्तकं बदलायला जाते तेव्हा माझी गाडी बहुधा खोल टोकाला उभी असते.

हात वर करायला सांगितले. तरुण सगळे थॅडच्या बाजूने. म्हातारे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. आणि पायरीवर बसलेल्या माझ्या नातीने, अमारीने, दोन्ही हात वर केले. पोरांना मत नसतं हे तिला ठाऊक होतं. मी डोळे वटारले तर तिने एक हात खाली घेतला.

अमारी नऊ वर्षांची आहे. तिची आई, माझी मुलगी, सैन्यात आहे आणि सध्या जर्मनीत. जाताना तिने विमानतळावर पोरीचा हात माझ्या हातात दिला. तेव्हापासून माझ्या मनात एकच आहे: हा हात जसा मिळाला तसा परत करायचा. पोरीला ताप आला तर मी रात्रभर खुर्चीत बसते. आणि आता ही पोरगी हनुवटीखाली तळहात आडवा धरून मला विचारत होती, "आजी, एवढ्या पाण्यात जाऊ ना? एवढ्याच?"

मी म्हटलं, बघू. आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही. पण या वेळी ती ते मानायला तयार नव्हती. थॅडने तिथल्या तिथे फोनवर शेजारच्या शहरातल्या पोहण्याच्या वर्गात तिचं नाव घातलं. त्याने मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी बघू म्हटलं असतं, आणि त्याला 'बघू'चा अर्थ माहीत आहे.

आत्या का गप्प होती ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तिला एझ्रा नावाचा भाऊ होता. सात वर्षांचा. उन्हाळ्यातल्या एका दुपारी, गावच्या तलावात गोरी पोरं डुंबत असताना, ही दोघं घरी न सांगता नदीवर गेली. आत्या मोठी, अकरा वर्षांची. ती काठावर उभी राहिली आणि तो पाण्यात शिरला, कमरेपर्यंत. ती त्याच्याकडे बघत होती. मग तो नव्हता. ती ओरडली नाही, पाण्यात हात घातला नाही, काही केलं नाही; तिला वाटलं, त्याला डोळ्यांदेखत कोणीतरी नेलं. नदीत हेंट अडकून पडलेत असं आमच्याकडे मानतात. हेंट म्हणजे ज्यांचा जीव मेल्यावरही इथून हलत नाही ते. तेव्हापासून आत्याचं एकच म्हणणं: मी बघत होते, आणि नेलं. हे ती वर्षानुवर्षांत एखाद्या वेळी म्हणते, भांडी घासताना वगैरे, आणि ऐकणाऱ्याने पुढे काही विचारायचं नसतं.

बैठकीनंतर ती आठवडाभर बोलली नाही. मग एका रविवारी चर्च सुटल्यावर तिने हातातली पर्स उघडली आणि आतून रंगाच्या डब्याचं झाकण काढलं. पर्समध्ये रुमाल, शुभवर्तमान, पेपरमिंटच्या गोळ्या आणि रंगाचं झाकण.

ते ओसरीच्या छताचं निळं होतं. आमच्या भागात ओसरीचं छत आणि दाराची चौकट निळी असते. फिकट, आकाशाहून थोडी हिरवट. हेंटला पाणी ओलांडता येत नाही. हा रंग बघितला की त्याला वाटतं, समोर पाणी आहे, आणि तो मागे फिरतो. मी भुताखेतांना मानत नाही. माझ्या ओसरीचं छत निळं आहे आणि रंग उडाला की मी लगेच दुसरा हात मारते, हे वेगळं.

आत्या म्हणाली, "पोरं जाऊ देत. पण मेळाव्याचे टी-शर्ट या रंगाचे करायचे, आणि पोरांनी ते पाण्यातही काढायचे नाहीत. एवढं करणार असाल तर मी आड येणार नाही."

दर मेळाव्याला आमचे टी-शर्ट छापले जातात. पाठीवर झाड, झाडावर मूळ पुरुषाचं नाव, आणि रंगावरून दर वेळी अशी भांडणं होतात की एकदा दोन चुलतभाऊ पुढच्या मेळाव्यापर्यंत बोलत नव्हते. या वेळी भांडण झालं नाही. थॅड फोनवर हसला. म्हणाला, आत्याला हवा तो रंग द्या, जांभळ्या ठिपक्यांचा मागितला असता तरी दिला असता. मीच ते झाकण छापणाऱ्याकडे घेऊन गेले आणि म्हटलं, अगदी हाच हवा, एक छटा इकडे नाही की तिकडे नाही. त्याने तो हुबेहूब जुळवला. त्या माणसाला मी शाबासकीही दिली.

आणि खरं सांगायचं तर मलाच हलकं वाटलं. भीतीचं असं असतं, तिला करायला काहीतरी काम दिलं की ती थोडा वेळ गप्प बसते. रात्री डोळे मिटले की मला पाणी दिसायचं. आमच्या नदीचं पाणी कोऱ्या चहासारखं आहे, वर दलदलीतल्या पानांतून झिरपत येतं म्हणून. स्वच्छ आहे, पण कोरा चहाही स्वच्छच असतो; त्यात पडलेला चमचा कोणाला दिसतो? मला मगरींची भीती वाटायची, आणि मगरी वरच्या बाजूला असतात असं कोणी म्हटलं की मगरींना ते कोणी सांगितलंय का, अशी शंका यायची. पाणसापांची वाटायची. बुडालेल्या ओंडक्यांची वाटायची. पण या सगळ्यांच्या मागे एक भीती उभी होती, तिला ना दात होते ना शेपटी. मी बघत असेन, आणि अमारी नसेल.

दर शनिवारी मी तिला वर्गाला नेत होते. काचेपलीकडे लोखंडी बाकावर बसायचं. तलावाचं पाणी असं निर्मळ की तळाच्या फरश्या मोजाव्यात. अमारी महिन्याभरात पाठीवर तरंगू लागली, मग हात मारू लागली, मग तळाशी जाऊन रबराची कडी वर आणू लागली. प्रत्येक वेळी ती खाली गेली की मीही श्वास धरायचे. शेजारी बसणारी एक आई मला म्हणाली, तुम्हाला दमा आहे का. मी म्हटलं, नाही, नात आहे.

मेळाव्याच्या थोडं आधी थॅड गाडी घेऊन आला. त्याचा बेत असा की एकदा जागा नीट बघून घेऊ: टेबलं कुठे मांडायची, मासे तळायची चूल कुठे, सावली कुठवर येते, पाणी कुठे खोल आहे. अमारीला अर्थातच यायचं होतं. छापलेले टी-शर्ट खोक्यांतून नुकतेच आले होते. तिने आपल्या मापाचा काढून पोहण्याच्या कपड्यांवर चढवलासुद्धा. आणि मी गाडीची किल्ली शोधत होते तर बघते काय, टेंपी आत्या मागच्या सीटवर बसलेली. चर्चची टोपी, चर्चच्या चपला, मांडीवर घडीची खुर्ची, शेजारी काठी.

"तू येणार?" थॅडने विचारलं.

"बसलेय ना," आत्या म्हणाली.

पुलावर तिने काच वर केली नाही. मी आरशातून बघितलं. तिचे ओठ हलत होते.

पेटिग्रूचा उतार म्हणजे होड्या सोडायला नदीत उतरवलेला सिमेंटचा रस्ता. शेजारी काउंटीने वाळू ओतून काठ सारखा केलाय, वर ओकची झाडं. पलीकडे वळणावर सायप्रसची झाडं पाण्यातच उभी असतात, त्यांची मुळं गुडघे वर काढून बसल्यासारखी. दुपार होती आणि दुसरं कोणी नव्हतं. वारा पडला होता. पाण्यावर आकाश जसंच्या तसं उतरलं होतं, ढगासकट.

आत्याची खुर्ची मी वर सावलीत मांडली. थॅड पाण्यात शिरला, छातीपर्यंत गेला, पायाने तळ चाचपून आला आणि म्हणाला, वाळू आहे, कुठे खड्डा नाही, माझ्यापलीकडे कोणी जायचं नाही म्हणजे झालं. मग त्याने अमारीला हाक मारली. ती माझ्याकडे वळली. परवानगी मागणारी ती नजर मला जर्मनीतून आल्यासारखी वाटली. तिच्या आईचे डोळे आहेत तिला. मी मान हलवली. हो म्हणायला तोंड उघडलं असतं तर भलतंच काही बाहेर पडलं असतं.

ती गेली. गुडघे, कंबर, छाती. थॅड तिच्यापासून हातभर अंतरावर. मी उताराच्या कडेला, पाण्याला बूट लागणार नाहीत एवढी जवळ. सगळं ठीक चाललं होतं. तिने थोडे हात मारून दाखवले, पाठीवर तरंगून दाखवलं. थॅड टाळ्या वाजवत होता. मी जेवणाच्या टेबलांचा विचार करायला लागले होते. अर्नेस्टीनच्या लाल भाताच्या पातेल्याला उन्हात ठेवायचं नाही, असा काहीतरी.

"बघा हं," अमारी म्हणाली, आणि नाक धरून खाली बसली.

मी बघत होते. हे मला लिहून ठेवायचंय. मी बघत होते, थॅड बघत होता, वरून आत्या बघत होती. निळा टी-शर्ट पाण्याच्या वरच्या थरात क्षणभर फुगला, आणि पाण्यात पडलेल्या आकाशाच्या तुकड्यांमधला एक तुकडा होऊन गेला. मग तो खाली गेला, तर तिथे कोरा चहा. त्यात ना निळं होतं, ना वेण्या, ना हात. पाणी सारखं झालं. ढग परत जागेवर आला.

थॅड हसत होता. "बास की, मासळीबाई," तो म्हणाला. "अमारी. वर ये."

मग त्याने खाली हात घातला. हात रिकामा वर आला. त्याने दुसऱ्या बाजूला घातला. दुसऱ्यांदा त्याने तिचं नाव घेतलं तेव्हा त्याच्या आवाजात शार्लट उरलं नव्हतं. लहानपणी अंधाऱ्या खोलीतून मला हाका मारणारा थॅड होता तो.

मी ओरडले का, आठवत नाही. पाय सिमेंटला चिकटले होते एवढं आठवतं. त्या तेवढ्या वेळात मी विमानतळावर जाऊन उभी राहिले, माझी मुलगी समोरून चालत येतेय आणि माझे हात रिकामे आहेत. एखाद्याने एक श्वास धरावा तेवढाच तो वेळ असेल. पण तो अजून संपलेला नाही, कधीकधी भांडी घासताना मी परत त्यातच असते.

माझ्या बाजूने कोणीतरी गेलं. मला वाटलं वारा. टेंपी आत्या होती. टोपी डोक्यावर, चपला पायात, काठी कुठे टाकलेली देवाला ठाऊक. ती थांबली नाही. चर्चच्या मधल्या वाटेने पुढे चालत जावं तशी ती उतारावरून सरळ नदीत चालत गेली. घोट्यापर्यंत, पोटऱ्यांपर्यंत, झगा पाण्यावर छत्रीसारखा उघडला. ज्या बाईने सगळं आयुष्य पुलावर काच वर केली ती पाण्यात वाकून दोन्ही हातांनी चाचपत होती आणि म्हणत होती, "दे. दे इकडे. दे."

आणि अमारी वर आली. जिथे गेली होती तिथे नाही. बरीच खालच्या अंगाला, सायप्रसच्या मुळाला धरून. प्रवाह दिसत नाही पण असतो, आणि त्याने तिला अलगद सरकवत थॅडच्या बगलेखालून तिकडे नेलं होतं. ती धापा टाकत हसत होती.

"किती वेळ झाला? मोजलं का कोणी?"

थॅड पोहत गेला आणि तिला घेऊन आला. आत्याच्या हाताशी ती येताच आत्याने तिची वेणी धरली. दंड नाही, खांदा नाही, वेणी, अगदी मुळाशी. पोरगी कळवळली. वेणी माझ्या हातची होती म्हणून टिकली. तशीच धरून तिने तिला उतारावर आणलं, आणि मग सोडली, आणि मग आम्ही चौघं तिथेच सिमेंटवर बसलो. अमारीच्या चेहऱ्यावरचं हसू आमची तोंडं बघून हळूहळू विझलं. मी तिला इतकं घट्ट धरलं की ती म्हणाली, आजी, श्वास. नदीत तिला तो पुरला होता.

थॅडचे दात वाजत होते, जुलैच्या उन्हात. तो म्हणाला, "माझ्यासमोर होती. मी नजर काढली नव्हती, लव्ही. शप्पथ."

"मीही काढली नव्हती," आत्या म्हणाली.

ती आमच्या दुपारबद्दल बोलत नव्हती.

मग तिने अमारीला टी-शर्ट काढायला लावला. तो हातात घेतला, बसल्या जागी पुढे सरकली आणि पाण्यात धरला. वर होता तोवर तो आकाश होता. मनगट बुडालं तसा तो दिसेनासा झाला. तिने तो बाहेर काढला, परत बुडवला. मग टी-शर्ट बाजूला ठेवून नुसता हात बुडवला. कोपरापर्यंत हात, आणि बोटं कुठे आहेत ते कळत नव्हतं.

"हेंटला पाणी वाटावं म्हणून लावतो आपण हा रंग," ती म्हणाली. "मग आपल्याला दुसरं काय वाटणार होतं? आणि मी पोरांना तो घालायला लावला. अंगभर."

मी म्हटलं, आत्या, आणला तो मी. झाकण मीच घेऊन गेले होते. तिने ऐकलं नाही. ती हाताकडेच बघत होती, पाण्यातल्या.

"म्हणजे एझ्राला कोणी नेलं नव्हतं," ती म्हणाली. "तो तिथेच असेल. इथून तिथवर, एवढ्यात. मी हात घातला असता तर लागला असता."

आम्हा केस करणाऱ्या बायकांकडे कोणत्याही दुःखाला एक उत्तर तयार असतं. गिऱ्हाईक रडायला लागलं की जीभ आपोआप चालते. त्या दिवशी मी तिची टोपी सरळ केली.

घरी आलो. अमारीला कोरडं करून जेवू घातलं. मग थॅड ओसरीवर आला आणि म्हणाला, बेत रद्द. चर्चच्या आवारात करू, पंखे लावू, पोरांसाठी पाण्याची नळी सोडू. चार महिने ज्याने आम्हाला भित्रे म्हणून हिणवलं तो हे बोलत होता, आणि मी त्याच्याशी इतकी सहमत होते की लगेच फोन काढला. दोन नंबर लागले असतील नसतील, तर आत्याने तिच्या खुर्चीतून हात पुढे केला आणि फोन माझ्या हातातून काढून घेतला. ती छताकडे बघत होती. निळ्या छताकडे.

"ही पोरगी पाण्यात जाणार," ती म्हणाली. "आज तिचं तोंड बघितलं ना? तू आता नाही म्हटलंस तर ती आणखी चार वर्षांनी जाईल, एखाद्या दुपारी, कोणाला न सांगता. सोबत कोणीतरी काठावर उभं असेल ज्याला काय करायचं ते माहीत नसेल. त्यापेक्षा मी उभी असताना जाऊ दे."

"तू बुडत होतीस आज, आत्या," थॅड म्हणाला.

"गुडघ्यापर्यंत होतं," ती म्हणाली. "नाटकं करू नकोस."

ती दोघं मग माझ्याकडे बघायला लागली. पोरगी माझ्या ताब्यातली होती, शब्द माझा होता. मला मनापासून नाही म्हणायचं होतं. आतून अमारीचा आवाज येत होता, ती फोनवर आईला सांगत होती की मी किती वेळ खाली राहिले माहितीये, कोणी मोजलंच नाही पण खूप. आणि पलीकडून माझी मुलगी काय म्हणाली कळलं नाही, पण अमारी म्हणाली, नाही, आजी होती ना.

मी म्हटलं, बघू. मग म्हटलं, नाही, हे 'बघू' तसलं नाही.

आमच्याकडे हरणांच्या मोसमात शिकारीला जाणारे पुरुष नारिंगी बंड्या घालतात, झाडीत एकमेकांना गोळी लागू नये म्हणून. अशा बंड्या प्रत्येक घरात खुंटीला असतात. त्या गोळा केल्या, पोरांच्या मापाने आखूड केल्या. मेळाव्याच्या आदल्या दिवशी माझ्या ओसरीवर पोरांची रांग लागली आणि मी प्रत्येकाच्या वेणीत नारिंगी लोकर गुंफली. ज्यांना वेण्या नव्हत्या त्यांच्या डोक्याला नारिंगी पट्टी. थॅडने जीवरक्षकाचं काम करणारे दोन तरुण आणले. आणि नियम असा केला की एका पोरामागे एक मोठं माणूस पाण्याशी उभं राहील, आणि त्या माणसाच्या हातात ताटली नसेल. या शेवटच्या कलमावर जेवढी कुरकुर झाली तेवढी तलावात माती टाकतानासुद्धा झाली नसेल. तळलेला मासा समोर असताना रिकाम्या हाताने उभं राहणं आमच्या घराण्याला नवीन होतं.

निळे टी-शर्ट आम्ही मोठ्यांनी घातले. जे उरले ते आत्याने स्वतः बाहीला बाही बांधून एका लांब दोरावर ओवले. थॅडने तो दोर नदीत खांब ठोकून ओढला, उतारापासून सायप्रसच्या अलीकडेपर्यंत, त्याच्यापलीकडे कोणी जायचं नाही म्हणून. पाण्याच्या वर असल्यावर तो निळा छान दिसत होता. आत्या म्हणाली, ओसरीवरही आपण कडेलाच लावतो, माणसाला नाही. मग म्हणाली, एवढं साधं.

पोरं पाण्यात गेली. नारिंगी ठिपके, कितीतरी. अमारीचा ठिपका कुठला ते मला पहिल्यापासून माहीत होतं आणि मी तो सोडला नाही. ती खाली गेली की कोऱ्या चहात काहीतरी विस्तवासारखं हलत राहायचं, मंद, पण राहायचं. वर यायची, माझ्याकडे बघायची, परत जायची. मागे ओकखाली हसणं चालू होतं, कोणीतरी बटाट्याच्या सॅलडवरून कोणाचा तरी उद्धार करत होतं. मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.

आत्या माझ्या शेजारी उभी होती. खुर्ची दिली ती तिने परत केली. चर्चच्या चपला घालूनच ती पाण्यात उभी होती, घोट्याच्या वर, आणि ओठ मिटून बघत होती. कधी पोरांकडे, कधी पोरं नसलेल्या पाण्याकडे. तिने माझा हात धरला होता. मी तिला म्हटलं, आत्या, थोडी बस, मी आहे. ती म्हणाली, तू तुझं बघ.

अमारी पुन्हा खाली गेली आणि आत्याची नखं माझ्या तळव्यात रुतली. ती वर आली तरी सैल झाली नाहीत. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये स्तोत्रांचं पुस्तक उघडताना बघितलं तर चारही खुणा तिथेच होत्या.